मिश्रधातूचा रोध आणि रंग घटकांच्या सरासरीने का ठरत नाही

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : तांबे आणि निकेल हे दोन्ही चांगले वाहक असताना त्यांच्यापासून बनणाऱ्या कॉन्स्टंटनचा रोध दोघांपेक्षाही कितीतरी पटींनी जास्त का भरतो, पिवळे सोने आणि पांढरे ॲल्युमिनियम एकत्र वितळवले की जांभळा पदार्थ का मिळतो, आणि या दोन्ही गोष्टींमागे एकच कारण आहे का.

दोन्ही गोष्टी एकमेकींशी नाते सांगतात, पण त्यांचे कारण एक नाही. धातूतून वीज वाहते तेव्हा फक्त फर्मी पातळीजवळचे, म्हणजे इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या ऊर्जांच्या वरच्या काठाजवळचे, इलेक्ट्रॉन कामाला येतात आणि त्यांची वाट किती निर्वेध आहे यावर रोध ठरतो. रंग मात्र खालच्या भरलेल्या ऊर्जापट्टातून (इलेक्ट्रॉनांना घेता येणाऱ्या ऊर्जांच्या पट्ट्यातून) वरच्या रिकाम्या जागी उडी घेण्यासाठी इलेक्ट्रॉनाला किती ऊर्जा लागते यावर ठरतो. दोन्ही ठिकाणी घटकांच्या प्रमाणाइतकीच, आणि पुष्कळदा त्याहून जास्त, अणूंची मांडणी महत्त्वाची असते. मिश्रधातूंच्या तारांचे रोध मोजण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि घटकांचे टक्के लिहिलेला कागद हाती आला की मी आधी विचारतो ते हे, की हा नमुना कसा थंड केला होता.

आधी आकडे पाहू. सुमारे 20 अंश सेल्सिअसला तांब्याची रोधकता (तारेच्या लांबी-जाडीवर अवलंबून नसलेला, पदार्थाचा स्वतःचा रोध) 1.7 मायक्रोओहम-सेंटिमीटर, निकेलची 7 च्या आसपास, आणि 55 टक्के तांबे व 45 टक्के निकेल असलेल्या कॉन्स्टंटनची 49 च्या आसपास असते. सरासरी काढली तर 4 यायला हवे होते. ही तफावत मोजमापातील नसून आपल्या मनातील चित्रातील आहे. इलेक्ट्रॉन म्हणजे अणूंच्या गर्दीतून आपटत-धडकत जाणारी गोळी असे चित्र डोळ्यांसमोर असेल, तर अणू तांब्याचा असो की निकेलचा, धडका सारख्याच बसाव्यात. परंतु 1928 मध्ये फेलिक्स ब्लॉख यांनी दाखवून दिले की इलेक्ट्रॉनाची तरंग अगदी नियमित जालकातून, म्हणजे अणूंच्या ओळीबद्ध मांडणीतून, काहीही अडथळा न होता पुढे जाते. अणू स्वतः अडवत नाहीत, अणूंच्या रांगेतील अनियमितपणा अडवतो. शुद्ध तांब्यात ही अनियमितता प्रामुख्याने उष्णतेमुळे होणाऱ्या कंपनांची असते, आणि म्हणून खोलीच्या तापमानालाही इलेक्ट्रॉन एका अडथळ्यापासून दुसऱ्यापर्यंत सुमारे 40 नॅनोमीटर, म्हणजे शंभराहून अधिक अणूंचे अंतर, सरळ जातो. कॉन्स्टंटनमध्ये जालकाच्या प्रत्येक जागी तांबे बसले आहे की निकेल याला काही नियम नसतो, त्यामुळे हीच मोकळी वाट जेमतेम एक-दोन नॅनोमीटर उरते.

अशा यदृच्छ मिश्रणाचा रोध किती वाढतो याचा एक सोपा अंदाज लोथार नॉर्डहाइम यांनी 1931 मध्ये दिला : वाढ ही दोन घटकांच्या अंशांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते, म्हणजे आलेख घुमटासारखा येतो आणि निम्म्या-निम्म्या मिश्रणाजवळ त्याचा माथा असतो. चांदी आणि सोने हे यासाठी जवळजवळ आदर्श जोडपे आहे. दोघांचे स्फटिक एकाच जातीचे, अणूंचा आकार जवळजवळ सारखा, आणि ते कोणत्याही प्रमाणात एकमेकांत विरघळतात. चांदीची रोधकता 1.6, सोन्याची 2.2, आणि मध्यभागी ती 10 च्या घरात जाते. तांबे-निकेलच्या जोडीत घुमट इतका सुबक येत नाही, कारण निकेलचे अर्धवट भरलेले 3डी पट्ट (अणूच्या डी कोशातून तयार झालेले ऊर्जापट्ट) इलेक्ट्रॉनांना थबकायला आणखी जागा देतात आणि निकेलच्या बाजूला चुंबकत्वही मध्ये येते. तरीही मूळ कारण तेच आहे.

परका अणू किती अडवतो हेही त्याच्या जातीवर अवलंबून असते, आणि येथे लिंडे यांचा नियम मला आजही अत्यंत सुंदर वाटतो. तांब्यात अणूंच्या हिशेबाने एक टक्का जस्त घातले तर रोधकता सुमारे 0.3 मायक्रोओहम-सेंटिमीटरने वाढते, गॅलियम घातले तर 1.4 ने, जर्मेनियम घातले तर 3.7 ने आणि आर्सेनिक घातले तर 6.7 ने. हे चारही अणू आवर्तसारणीत तांब्याच्या पुढे ओळीने उभे आहेत, आणि त्यांच्या संयुजेतील, म्हणजे बाहेरच्या इलेक्ट्रॉनांच्या संख्येतील, तांब्याशी असलेला फरक 1, 2, 3, 4 असल्यामुळे वाढ साधारण 1, 4, 9, 16 या वर्गांच्या क्रमाने होते; हाच तो नियम. म्हणजे शंभरांतील एक अणू आर्सेनिकचा झाला की तांब्याचा रोध जवळजवळ पाचपट होतो. तांबे वितळवताना ऑक्सिजन काढण्यासाठी घातलेल्या फॉस्फरसपैकी वजनाने 0.04 टक्के जरी आत राहिला तरी वाहकता सुमारे चतुर्थांशाने घसरते, याचे मूळही येथेच आहे. नळ्यांसाठी असे तांबे उत्तम चालते, विजेच्या पट्ट्यांसाठी मात्र ते घेऊ नये. तोच अंश चांदीचा असता तर वाहकतेला धक्काही लागला नसता.

मिश्रणातील अव्यवस्थेमुळे होणारा रोध आणि कंपनांमुळे होणारा रोध यांची साधारणपणे बेरीज होते, हे ऑगस्टस मॅथिसन यांनी 1860 च्या दशकात मोजमापांवरून मांडले. यातून एक अत्यंत उपयोगी परिणाम मिळतो. अव्यवस्थेचा वाटा तापमानाने बदलत नाही, म्हणून तो वाटा मोठा असेल तर एकूण रोधही तापमानाला फारसा दाद देत नाही. तांब्याचा रोध दर अंशाला 0.39 टक्क्याने वाढतो, तर तांबे, मँगनीज आणि थोडे निकेल यांच्या मँगॅनिनमध्ये हा बदल खोलीच्या तापमानाजवळ त्याच्या शतांशाहूनही कमी असतो. प्रमाणित रोध अशाच तारेचे करतात. घरच्या घरी नाही, पण कोणत्याही प्रयोगशाळेत करता येईल अशी एक चाचणी मी प्रत्येक नव्या नमुन्यावर करतो : रोध एकदा खोलीच्या तापमानाला मोजायचा आणि एकदा द्रव नायट्रोजनमध्ये, म्हणजे 77 केल्व्हिनला. शुद्ध तांब्याचा रोध सुमारे आठव्या हिश्शावर येतो, कॉन्स्टंटनचा जवळजवळ तसाच राहतो. हे गुणोत्तर मोजण्यासाठी तारेची जाडीसुद्धा माहीत असावी लागत नाही, आणि नमुना किती अव्यवस्थित आहे हे त्यावरून लगेच कळते.

आता मांडणीचा मुद्दा. तीन अणू तांब्याचे आणि एक सोन्याचा असा मिश्रधातू घ्या. तो 390 अंश सेल्सिअसच्या वर तापवून झटकन पाण्यात विझवला, तर सोन्याचे अणू वाटेल त्या जागी अडकून राहतात. तोच नमुना त्या तापमानाखाली अनेक दिवस सावकाश निववत आणला, तर प्रत्येक घनाच्या कोपऱ्यांवर सोने आणि पृष्ठांच्या मध्यावर तांबे अशी शिस्तबद्ध रचना तयार होते. दोन्ही नमुन्यांचे रासायनिक विश्लेषण शेवटच्या अंकापर्यंत सारखे येईल, पण शिस्तबद्ध नमुन्याचा रोध विझवलेल्याच्या निम्म्याहूनही कमी भरतो. तारेला चार टोके जोडून भट्टीत ही मोजणी प्रत्यक्ष पाहणे फार शिकवून जाते. शिस्तबद्ध तार तापवू लागलो की रोध आधी सावकाश चढतो, साडेतीनशे अंशांच्या पुढे चढण उभी होते, 390 जवळ तो एकदम उडी मारतो, आणि नंतर आलेख जवळजवळ आडवा पडतो. मोडायला शिस्तच उरलेली नसते. मी विद्यार्थ्यांना हा प्रयोग हाताने नोंदी घेऊनच करायला लावतो, कारण काट्याची ती उडी डोळ्यांनी पाहिली की मिश्रधातूचे सूत्र आणि मिश्रधातूची अवस्था यांतील फरक पुन्हा समजावून सांगावा लागत नाही.

पण शिस्त वाढली की रोध घटतो, एवढ्यावर थांबू नका. 80 टक्के निकेल आणि 20 टक्के क्रोमियम यांच्या नायक्रोम तारेने मला बराच काळ गोंधळात टाकले होते. नव्याने ओढलेल्या तारेचा रोध मोजला, मग ती साडेचारशे-पाचशे अंशांना तापवून सावकाश निववली, आणि रोध काही टक्क्यांनी वाढला. सामान्य धातूत उलट होते, कारण तार ओढल्याने जालकात दोष शिरतात आणि तापवल्याने ते नाहीसे होतात. जोडणी सैल झाली असावी असे समजून मी टोके पुन्हा वितळजोडाने जोडली, तार बदलली, मापक बदलला. आकडा तोच आला. ही अवस्था 1951 मध्ये थॉमस यांनी वर्णिली असून तिला के-अवस्था म्हणतात. नायक्रोममध्ये सावकाश निववताना दूरवर पसरलेली शिस्त येत नाही, फक्त शेजारी कोण असावा याची आवडनिवड तयार होते, आणि अशी अल्पपल्ल्याची शिस्त इलेक्ट्रॉनाच्या तरंगलांबीशी कशी जुळते यावर रोध वाढणे किंवा घटणे अवलंबून असते. तार ओढली की ही शेजारपणे मोडतात, म्हणून रोध उतरतो. तापक तारेची खरेदी-तपासणी करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे : ओढलेल्या आणि निववलेल्या तारेच्या आकड्यांची तुलना करून माल खराब ठरवणे अन्यायाचे आहे.

मॅथिसन यांच्या बेरजेलाही मर्यादा आहे. 1973 मध्ये मोइज यांनी अनेक अव्यवस्थित मिश्रधातूंची मापे एकत्र मांडली, तेव्हा असे दिसले की रोधकता साधारण 150 मायक्रोओहम-सेंटिमीटरच्या पुढे गेली की तापमानाबरोबर रोध वाढण्याऐवजी घटू लागतो. टायटेनियममध्ये ॲल्युमिनियम वाढवत नेले तर हा बदल क्रमाक्रमाने पाहता येतो. इलेक्ट्रॉनाची मोकळी वाट अणू-अणूंमधील अंतराइतकी आखूड झाल्यावर तिच्यावर आणखी कंपनांचा भार टाकून ती आणखी आखूड होणार तरी किती? अशा ठिकाणी कंपने उलट अडकलेल्या इलेक्ट्रॉनाला पुढे सरकायला मदतच करतात.

अगदी विरुद्ध टोकाला, जवळजवळ शुद्ध धातूतही एक चमत्कारिक गोष्ट घडते. 1934 मध्ये लायडनच्या प्रयोगशाळेत सोन्याची तार अतिशय थंड करत नेताना दिसले की काही केल्व्हिनजवळ रोध तळ गाठतो आणि त्याखाली पुन्हा वाढू लागतो. याचे स्पष्टीकरण तीस वर्षांनी, 1964 मध्ये जुन कोंदो यांनी दिले : लोखंडासारख्या चुंबकी अशुद्धीचा अणू इलेक्ट्रॉनाचा स्पिन (त्याचा अंगभूत चुंबकी कल) उलटवू शकतो, आणि हे प्रकीर्णन, म्हणजे इलेक्ट्रॉनाचे वाटेवरून विखुरणे, तापमान उतरेल तसे लॉगरिदमच्या चालीने वाढते. त्यासाठी दशलक्षात काही अणू पुरतात. म्हणून अतिशीत तापमानावर काम करणाऱ्याने आपल्या तांब्यात लोखंड किती आहे हे विचारल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नये.

दोन धातू एकत्र येऊन धातूपणच गमावतात, असेही घडते, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातील हे सर्वांत विलक्षण उदाहरण आहे. सीझियम आणि सोने अणूस अणू या प्रमाणात संयोग पावले की सीझियम आपला बाहेरचा इलेक्ट्रॉन सोन्याला देऊन टाकते. सोन्याचा 6एस कोश पूर्ण भरतो, आणि मिठाच्या जातीचा, पिवळसर, प्रकाश आत शिरू देणारा अर्धवाहक तयार होतो. त्याच्या ऊर्जापट्टांतील अंतर सुमारे 2.6 इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या पातळीवरील ऊर्जेचे एकक) आहे. वितळल्यावरही हे टिकते : द्रव सीझियम आणि द्रव सोने दोन्ही उत्तम वाहक असताना समप्रमाण मिश्रणाशी वाहकता हजारो पटींनी कोसळते आणि प्रमाण थोडे इकडेतिकडे झाले की पुन्हा चढते. या पदार्थाला हवेतील ओलावा सोसत नाही, त्यामुळे तो काचेच्या बंद नळीतच पाहावा लागतो.

आता प्रकाशाकडे वळू. रोध आणि परावर्तन यांचा थेट संबंध जेथे खरोखर दिसतो ते क्षेत्र दृश्य प्रकाशाचे नसून दूरच्या अवरक्ताचे आहे. 1903 मध्ये हागेन आणि रुबेन्स यांनी दाखवले की पुरेशा लांब तरंगलांबीला धातू जेवढा प्रकाश शोषतो तो त्याच्या रोधकतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. त्या हिशेबाने कॉन्स्टंटन तांब्याच्या पाचपटींहून थोडे अधिक शोषील. तेथे विजेचा रोध मोजला म्हणजे प्रकाशाचे गणितही झाले. दृश्य प्रकाशात मात्र ही दोरी तुटते. कॉन्स्टंटनचा रोध तांब्याच्या जवळजवळ तीसपट असूनही पॉलिश केलेला तुकडा छान चकाकतो, फक्त त्याच्यातील तांबूसपणा गेलेला असतो.

तांबे तांबडे आणि सोने पिवळे दिसते, कारण त्यांच्या भरलेल्या डी पट्टांतून फर्मी पातळीपर्यंतची उडी तांब्यात सुमारे 2.1 आणि सोन्यात सुमारे 2.4 इलेक्ट्रॉन-व्होल्टपाशी सुरू होते. त्याहून जास्त ऊर्जेचा निळा-हिरवा प्रकाश शोषला जातो आणि उरलेला परत येतो. चांदीत हीच उडी 4 च्या आसपास, म्हणजे अतिनील भागात असल्यामुळे चांदी पांढरी. सोन्यात ही उडी दृश्य भागात उतरण्याला सापेक्षतेचे परिणाम कारणीभूत आहेत, हे वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे. तांब्यात जस्त घालत गेले की उंबरठा वरच्या ऊर्जेकडे सरकतो, म्हणून पितळ तांबडेपणाकडून पिवळेपणाकडे झुकते. येथपर्यंत रंगाची गोष्ट मिश्रणाप्रमाणे हळूहळू बदलणारी आहे.

जांभळ्या सोन्याची गोष्ट वेगळी आहे. त्यात सोन्याच्या एका अणूमागे ॲल्युमिनियमचे दोन अणू असतात, वजनाने सोने 78-79 टक्के, आणि रचना फ्लोराइट खनिजाची. रॉबर्ट्स-ऑस्टेन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचे वर्णन केले होते. या संयुगात सोन्याचे डी पट्ट फर्मी पातळीच्या इतके खाली जातात की सोन्याला पिवळे करणारी उडी येथे उरतच नाही. त्याऐवजी नव्या रचनेने तयार झालेल्या पट्टांमधील उड्या हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला गिळतात, तांबडा आणि जांभळा दोन्ही टोकांनी परत येतात, आणि डोळ्याला दोन्ही मिळून जांभळे दिसते. म्हणून याला पिवळ्याची एखादी छटा समजणे चूक आहे. याचा पडताळा प्लॅटिनमने होतो. प्लॅटिनम पांढरे, ॲल्युमिनियमही पांढरे, पण त्याच प्रमाणातील त्याच रचनेचे संयुग सोनेरी पिवळे दिसते. इंडियमबरोबर सोन्याचे तसेच संयुग निळसर येते. हे सारे पदार्थ ठिसूळ असतात, हातोडीखाली काचेसारखे फुटतात, आणि म्हणून त्यांचे पत्रे किंवा तारा होत नाहीत.

या जांभळ्या संयुगाचा रोध पाहिला तर मूळ प्रश्नाच्या तिसऱ्या भागाचे उत्तर समोर येते. त्याची रोधकता 8 मायक्रोओहम-सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे सोन्याच्या साडेतीन-चार पट आहे. कॉन्स्टंटनच्या मानाने हा पदार्थ उत्तम वाहक आहे, कारण त्याचे अणू काटेकोर शिस्तीत बसलेले असतात. रंगात टोकाचा बदल आणि रोधात माफक, असे येथे घडते. कॉन्स्टंटनमध्ये नेमके उलट. चिपमधील ॲल्युमिनियमच्या पट्टीवर सोन्याची तार जोडली आणि ती फार तापली की तेथे हाच रंग उमटतो, त्याला जांभळी कीड असे नाव पडले आहे, आणि सांधा निकामी झाल्याचा दोष सर्रास या रंगीत संयुगावर ढकलला जातो. वस्तुतः सोने आणि ॲल्युमिनियम एकमेकांत वेगवेगळ्या गतीने शिरतात, त्यामुळे सांध्यात पोकळ्या तयार होतात, आणि बहुतेक सांधे त्या पोकळ्यांमुळे तुटतात.

शेवटी, ज्यांना मांडणीचा रंगावरील परिणाम स्वतः पाहायचा आहे त्यांच्यासाठी चांदी-जस्ताचा प्रयोग सांगतो. हेकॉक आणि नेव्हिल यांनी तो 1890 च्या दशकात नोंदवला. वजनाने सुमारे 62 भाग चांदी आणि 38 भाग जस्त घ्यायचे, म्हणजे अणू समसमान होतात. चांदी 962 अंशांना वितळते आणि जस्त 907 अंशांनाच उकळते, त्यामुळे उघड्या मुशीत जस्ताचा पांढरा धूर होऊन प्रमाण बिघडते, शिवाय तो धूर श्वासात जाणे घातक असते. बंद क्वार्ट्झ नळी वापरावी आणि नंतर गोळी पुन्हा तोलून घ्यावी. ही गोळी तीनशे अंशांच्या वर तापवून पाण्यात विझवली की दोन पांढऱ्या धातूंचा हा मिश्रधातू स्पष्ट गुलाबी-तांबूस दिसतो, आणि पुन्हा सौम्य तापवला की पांढरा होतो.

पाहताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. प्रकाश धातूत जेमतेम वीस-तीस नॅनोमीटर आत जातो, त्यामुळे जोरात घासून केलेल्या पॉलिशने चुरगळलेला वरचा थर तेवढाच डोळ्यांना दिसतो; शेवटचे पॉलिश अगदी हलक्या हाताने करावे. आणि तापवलेल्या पोलादावर किंवा टायटेनियमवर येणारे निळे-जांभळे रंग हे ऑक्साइडच्या पातळ थरातील व्यतिकरणाचे (थराच्या दोन पृष्ठांवरून परतलेल्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळण्याचे) असतात, त्यांचा मिश्रधातूच्या ऊर्जापट्टांशी संबंध नसतो. गोळी मधोमध कापून आतला ताजा भाग पाहावा : तोही गुलाबी असेल तर तो रंग मिश्रधातूचाच आहे.